राजगडची नाळ आणि संगणकाचा बालेकिल्ला



भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत, मुरुंबदेवाच्या माथ्यावर राजगड उभा आहे. सुमारें पंचवीस वर्षें स्वराज्याचा कारभार येथून चालला. इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले, तरी राजगड आणि तोरणा महाराजांनीं हातचे सोडले नाहींत. इ. स. २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांत राजगडही आहे. येणारे बहुतेक लोक बालेकिल्ला पाहून परततात. मला मात्र संजीवनी माची त्याहून मोलाची वाटते.

ही माची तीन टप्प्यांनीं उतरत गेली आहे. तिचा तट दुहेरी असून दोन भिंतींमधील अरुंद जागेस नाळ म्हणतात. नाळेंत उतरावयास दगडी पायऱ्या, आणि तटाच्या बुडाशीं बाहेर पडावयास लहानशा दिंड्या. बाहेरची भिंत ढासळली तरी आंतली उभीच. नाळेंत शिरलेल्या शत्रूस एकामागें एक असेंच चालणें भाग. गुप्त वाट तटाबाहेर, झाडींतून काढणें सोपें होतें. बांधणाऱ्यानें ती तटाच्या पोटांत घेतली, कारण तेथें माणसें शत्रूच्या नजरेस न पडतां हिंडतील. धोकाही उघड होता: दिंडी फुटली कीं शत्रु गडाच्या अंगांतच आला. म्हणूनच दिंडी लहान, मोजक्या माणसांनीं राखतां येईल अशी.

नेमका हाच पेंच आमच्या काळांत संगणकशास्त्रज्ञांपुढें आला. सार्वजनिक जाळ्यावरून मजकूर सांकेतिक करून धाडण्याच्या वाटेस व्ही. पी. एन. म्हणतात. हें सांकेतिकीकरण संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यांत करावें कीं गाभ्याबाहेरील साध्या कार्यक्रमांत? ओपनव्हीपीएननें मूळ बाहेरचा मार्ग धरला. त्यांत मजकुराचें प्रत्येक पुडकें गाभ्यांतून बाहेर नेऊन पुन्हां आंत आणावें लागे, आणि त्यांत वेळ जाई. आयपीसेक गाभ्यांतच चाले. पण त्याचे पर्याय इतके, आणि रचना इतकी अवजड, कीं तपासणाऱ्यानें तपासावें तरी किती!

जेसन डोनेनफेल्ड यांचें वायरगार्ड मार्च २०२० मध्यें लिनक्सच्या ५.६ या आवृत्तींत गाभ्यांत दाखल झालें. त्याची मूळ संहिता अवघी सुमारें ४,००० ओळींची. गाभ्यांतील एक चूक सबंध यंत्रास भोंवते, तेव्हां एका माणसास वाचून तपासतां येईल इतकेंच लिहावें, हें त्यांचें धोरण. दुसरी गोष्ट मला फार आवडली. ओळख न पटलेल्या पुडक्यास वायरगार्ड उत्तरच देत नाहीं. चांचपणी करणाऱ्यास येथें दार आहे हेंही कळूं नये! चोरदिंडीचें मर्म याहून निराळें तें काय?

संकेतपद्धतीही एकच ठरलेली; दोन टोंकांनीं घासाघीस करावयाची नाहीं. शत्रूनें फसवून दुबळी पद्धत पत्करावयास लावूं नये, म्हणून ही ताठरता. तिची किंमत अर्थात् आहेच. ती पद्धत उद्यां फुटली तर दोन्ही टोंकांवरील कार्यक्रम बदलल्यावांचून गत्यंतर नाहीं. जुन्या-नव्यांचा मेळ बसत नाहीं. कित्येक जाणकार यास दोष मानतात. मी मोजक्या दिंड्यांच्या बाजूचा आहें. मात्र ज्यांचीं यंत्रें हजारों गांवीं विखुरलेलीं आहेत, त्यांस हा बदल किती जड जाईल, हेंही मला दिसतें.