लोण्याच्या आम्लाची कुळकथा

पुण्याहून शिरूरकडे जाणाऱ्या नगर रस्त्यावर लोणीकंद लागते आणि दौंडकडे नेणाऱ्या सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर. कंद आणि काळभोर ही तेथील घराण्यांची आडनावे असल्याने मूळ नाव 'लोणी' एवढेच उरते, आणि आतड्याच्या दीर्घकालीन दाहाची, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन या विकारांची, आजची चर्चा ज्या आम्लाभोवती फिरते त्याच्या नावातही हाच पदार्थ आहे.

'लोणी' या शब्दाचे कूळ वादाचे आहे. एक पक्ष त्याला 'लवण' म्हणजे मीठ या शब्दाचे अपत्य मानतो आणि 'लोणचे', 'लोणार' असे साक्षीदार उभे करतो. पण लोणी मुळात खारट नसते, ही त्या पक्षाची मोठी अडचण. दुसरा पक्ष 'नवनीत' म्हणजे 'नुकतेच काढलेले' या शब्दाकडे बोट दाखवतो, कारण पालीत त्याचे 'नोनीत' आणि हिंदीत 'नौनी' झाले. 'न'चा 'ल' कसा झाला या आक्षेपाला मराठीच उत्तर देते: कडुनिंबाला कडुलिंब म्हणणारी ही भाषा संस्कृत 'लाङ्गल'चा उलट 'नांगर' करते, तेव्हा या दोन अक्षरांची अदलाबदल तिला नवी नाही. खाण्याच्या लोण्यापुरता दुसरा पक्ष जिंकतो. गावांच्या नावांबाबत मात्र खारवट जमीन किंवा लवण, म्हणजे जमिनीचा खोलगट भाग, हेही दावेदार उरतात. तरी गुराढोरांच्या या मुलखात लोण्यालाच कौल द्यावा.

ग्रीकांचा लोण्यासाठीचा 'बूटिरॉन' हा शब्दही असाच वादग्रस्त आहे. गाय आणि चीज या अर्थांच्या दोन शब्दांची ती जोड आहे असे कोश सांगतात. पण ऑलिव्हच्या तेलावर पोसलेल्या ग्रीकांना लोणी हे परक्यांचे खाणे वाटे, म्हणून उत्तरेच्या सिथियन पशुपालकांचा एखादा शब्द त्यांनी आपल्या ओळखीच्या अक्षरांत बसवून घेतला असावा, हे दुसरे मत अधिक पटते. त्याच शब्दावरून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरूल यांनी लोण्यात सापडलेल्या उग्र वासाच्या आम्लाला ब्युटिरिक आम्ल हे नाव दिले. स्निग्ध पदार्थांवरचा त्यांचा ग्रंथ 1823 चा आहे. 1861 मध्ये पाश्चर यांनी हेच आम्ल तयार करणारे जंतू हवेशिवाय जगतात असे दाखवले.

मोठ्या आतड्यातही असेच हवेवाचून जगणारे जंतू राहतात, आणि न पचलेला चोथा व स्टार्च आंबवून ते ब्युटिरेट, म्हणजे या आम्लाचे क्षाररूप, तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींना त्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे 70 टक्के ऊर्जा त्यातून मिळते. कोलायटिस ही या पेशींची उपासमार तर नव्हे, असा प्रश्न संशोधक रोडिगर यांनी 1980 मध्ये विचारला. ब्युटिरेट करणारा फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा जंतू शस्त्रक्रियेनंतर विकार उलटलेल्या क्रोनच्या रुग्णांत कमी आढळतो, असे 2008 मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवले. प्रतिपक्ष म्हणतो की दाह आधी आणि जंतूंची घट नंतर: दाह झालेल्या आतड्यात प्राणवायू शिरतो आणि तो या जंतूंना सोसत नाही. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढत नेतात.

मग लोणी-तूप खाऊन हे आम्ल मिळेल काय? नाही, कारण तुपातले ब्युटिरिक आम्ल लहान आतड्यातच शोषले जाते. त्याची सोय शिरूरच्या जिरायत पट्ट्यातील बाजरीच्या भाकरीत अधिक आहे: रात्रीची भाकरी सकाळपर्यंत कडक होते, तेव्हा तिच्यातल्या स्टार्चचा काही भाग थंड होताना अशी घडण घेतो की तो लहान आतड्यात न पचता थेट जंतूंपर्यंत पोचतो. भाकरी शिळी म्हणून हिणवणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

दुसरी वाट खालून जाते. चरकसंहितेच्या अतिसार प्रकरणातील पिच्छाबस्ती, म्हणजे सावरीच्या चिकट रसात दूध, तेल व तूप घालून गुदमार्गे दिलेला बस्ती, हा ब्युटिरेटच्या आधुनिक बस्तीचा पूर्वज होय, असे मानण्याचा मोह होतो. 1992 मध्ये शेपाख व सहकाऱ्यांनी कोलायटिसच्या 10 रुग्णांना ब्युटिरेटचा बस्ती देऊन सुधारणा नोंदवली. नंतरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे आले नाहीत. पिच्छाबस्तीतल्या तुपातील आम्ल तर मेदात बांधलेले असते, ते मोकळे करायला जंतूंचीच मदत लागणार. तेव्हा हे नाते सख्खे नव्हे, चुलत म्हणावे.

आतड्यातल्या जंतूंचा शोध पुण्यातही घेतला गेला: 2014 मध्ये तेथील संशोधकांनी निरोगी माणसाच्या मळातून मेगास्फेरा इंडिका या नव्या जंतूचे वर्णन केले. त्याच वंशातील मेगास्फेरा एल्सडेनी मेंढीच्या पोटात राहतो आणि लॅक्टिक आम्लाचे, म्हणजे दह्याताकाला आंबटपणा देणाऱ्या आम्लाचे, ब्युटिरिक आम्ल करतो. ताकातून लोणी काढण्याचे हे काम रवी आणि डेऱ्यावाचून चालते.