वारशाने आलेली वधू: तिसरा अलेक्झांडर आणि मारिया फ्योदोरोव्हना

#थ्रेड

रशियाचा शेवटचा झार निकोलस आणि त्याची राणी अलेक्झांड्रा यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचतो. निकोलसच्या आईवडिलांचा संसार मात्र दोन ओळींत आटोपला जातो. वास्तविक निकोलस असा का घडला, याचे बरेचसे उत्तर त्या संसारातच दडलेले आहे. (तारखा सध्याच्या दिनदर्शिकेप्रमाणे दिल्या आहेत, एकोणिसाव्या शतकात रशियन पंचांग १२ दिवस मागे चालत असे.)

१८६४ साली डेन्मार्कची राजकन्या डागमार हिचा वाङ्‌निश्चय रशियाचा युवराज निकोलाय याच्याशी झाला. प्रशिया-ऑस्ट्रियाकडून नुकत्याच हरलेल्या छोट्या डेन्मार्कला अशी सोयरीक म्हणजे मोठाच आधार. पण २४ एप्रिल १८६५ रोजी, फ्रान्समधील नीस येथे, मेंदूज्वराने युवराजाचा मृत्यू झाला. तो २१ वर्षांचा होता, ती १७ वर्षांची. अखेरच्या क्षणी त्याने तिचा हात धाकट्या भावाच्या हाती दिला, अशी कथा सांगतात. कथा सुंदर आहे. म्हणूनच तिच्याकडे जरा सावधपणे पाहावे.

कारण त्या धाकट्या भावाचे, अलेक्झांडरचे, मन दुसरीकडेच गुंतले होते. दरबारातील मारिया मेश्चेर्स्काया हिच्यासाठी तो राज्याचा हक्कही सोडायला निघाला होता. वडील दुसरे अलेक्झांडर संतापले आणि त्याला डेन्मार्कला जाण्याचा हुकूम सुटला. जून १८६६ मध्ये त्याने डागमारला मागणी घातली आणि ९ नोव्हेंबरला पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात लग्न लागले. ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारून डागमार ‘मारिया फ्योदोरोव्हना’ झाली. थोरल्याच्या मृत्यूनंतर धाकट्याला सिंहासन मिळाले, आणि त्याबरोबर वधूही!

अशा लग्नाचे काय व्हायचे, याचा आपण सहज तर्क करू. तो इथे साफ चुकतो. हा अवाढव्य, अबोल, समारंभांना कंटाळणारा पुरुष आणि ही लहानखुरी, नृत्याची हौस असलेली हसतमुख स्त्री एकमेकांत असे रमले की रोमानोव्ह घराण्यात तसे उदाहरण विरळाच. घरातला कित्ता उलटाच होता. वडिलांनी एकातेरिना डोल्गोरुकोवा या प्रेयसीला मुलांसह राजवाड्यातच आणून ठेवले, आणि आजारी सम्राज्ञी १८८० मध्ये वारली तेव्हा अवघ्या दीड महिन्यात तिच्याशी लग्न केले. आईचा हा अपमान अलेक्झांडर विसरला नाही. स्वतःच्या संसारातील त्याच्या एकनिष्ठेमागे ही जखमही असावी, असे मला वाटते.

१३ मार्च १८८१ रोजी बॉम्बने वडिलांचा बळी घेतला. नवे झार कुटुंब घेऊन राजधानीबाहेर गातचिना येथे राहायला गेले. शेकडो दालनांच्या त्या वाड्यात त्यांनी निवडल्या ठेंगण्या छताच्या खोल्या. मुलांना सैनिकी खाटा, साधे जेवण, बापाबरोबर रानात भटकंती. १८८५ च्या ईस्टरला पत्नीसाठी फाबेर्जेकडून घडवून घेतलेले सोनेरी कोंबडीचे अंडे ही त्या विख्यात शाही अंड्यांची सुरुवात. २९ ऑक्टोबर १८८८ रोजी बोर्की येथे शाही आगगाडी रुळांवरून घसरली. २१ माणसे दगावली, पण कुटुंब वाचले. झारने डब्याचे छत खांद्यावर तोलून धरले ही लोककथा. सम्राज्ञी जखमींची शुश्रूषा करीत राहिली हे मात्र खरे.

या उबदार चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. याच प्रेमळ बापाच्या राज्यात १८८२ चे ज्यूविरोधी कायदे आले. १८८७ मध्ये त्याच्या वधाच्या कटाबद्दल पाच तरुण फासावर गेले. त्यांतील एक अलेक्झांडर उल्यानोव्ह, लेनिनचा थोरला भाऊ. गातचिनाच्या भिंतींआड मायेला तोटा नव्हता. भिंतींबाहेर तिचा मागमूस नव्हता.

आणि मायेनेही आपली किंमत घेतलीच. मुले बराच काळ मुलेच राहिली. निकोलसला सैबेरियन रेल्वे समितीचा अध्यक्ष करावे, असे मंत्री वित्तेने सुचवले, तेव्हा ‘तो अजून अगदीच पोरगा आहे’ अशा अर्थाचे उद्गार झारने काढले, असे वित्तेच्या आठवणींत येते. ‘पोरगा’ चोविशीचा होता! पद मिळाले, पण राज्यकारभाराचे खरे शिक्षण राहूनच गेले. बापाला वाटत होते, अजून वेळ आहे. १ नोव्हेंबर १८९४ रोजी क्रिमियातील लिवादिया येथे मूत्रपिंडाच्या विकाराने, अवघ्या ४९ व्या वर्षी, तो गेला. सव्वीस वर्षांच्या निकोलसवर साम्राज्य येऊन पडले.

मारिया आणखी ३४ वर्षे जगली. एक मुलगा तान्हेपणीच गेला होता. भावासोबत पूर्वेच्या सफरीवर निघालेला जॉर्ज आजारपणामुळे आपल्या मुंबईहूनच परत फिरला होता. १८९९ मध्ये क्षयाने त्याचा अंत झाला. १९१८ मध्ये मिखाईल आणि निकोलस यांना बोल्शेविकांनी ठार केले. चारही पुत्र तिच्याआधी गेले. उरल्या क्सेनिया आणि ओल्गा या दोन मुली. एप्रिल १९१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेने तिला क्रिमियातून बाहेर काढले. निकोलसच्या हत्येची वार्ता तिने उघडपणे कधीच मान्य केली नाही.

१९२८ मध्ये डेन्मार्कमध्ये तिचे निधन झाले आणि रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये दफन झाले. सप्टेंबर २००६ मध्ये तिची शवपेटी समुद्रमार्गे पीटर्सबर्गला आणून पतीशेजारी ठेवण्यात आली. डागमार म्हणून ती प्रथम रशियात आली, त्याला तेव्हा १४० वर्षे झाली होती.