सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया

मुंबईतील नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे एनसीपीए, या संस्थेचा पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणारा वाद्यवृंद. स्थापना 2006. एनसीपीएचे तत्कालीन अध्यक्ष खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो उभारला. देशातील पहिला व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद म्हणून तो ओळखला जातो. हौशी वाद्यवृंद मुंबई-कोलकात्यात पूर्वीपासून होते. येथे मात्र वादकांना वेतन मिळते आणि तालीम हेच त्यांचे रोजचे काम असते.

मुंबईत अशा प्रयत्नाची पार्श्वभूमी जुनी आहे. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. त्यात पारशी, गोवेकर आणि युरोपीय वादक एकत्र बसत. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन वाचायला शिकलेल्या वादकांवर मुंबईचे पाश्चात्त्य संगीत बरेचसे अवलंबून होते. पुढे पोटापाण्यासाठी त्यांतील अनेक जण हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. 1958 मध्ये त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यरचना यांचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा करून पाहिला, पण तो टिकला नाही. वादक होते, श्रोतेही थोडेफार होते; बारमाही पैसा आणि स्थिर संस्था यांचीच वानवा होती.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे मुख्य हंगाम दोन, फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमाराचे. कार्यक्रम प्रामुख्याने 1999 मध्ये खुल्या झालेल्या जमशेद भाभा नाट्यगृहात होतात. हंगामासाठी बाहेरून कंडक्टर बोलावले जातात. असा अतिथी कंडक्टर काही दिवस आधी येतो, मोजक्या तालमी घेतो, प्रयोग करतो आणि जातो. वादकांची निवड, शिस्त, वर्षाचा कार्यक्रम यांची जबाबदारी त्याच्यावर नसते. तेवढ्या तालमींत अनोळखी वादकांकडून आपल्या मनातला नाद काढून घेणे ही त्याची खरी परीक्षा. शार्ल द्युत्वा, मार्टिन ब्रॅबिन्स यांनी या वाद्यवृंदाचे संचालन केले आहे. ऑगस्ट 2023 मध्ये मेहली मेहता यांचे पुत्र झुबिन मेहता यांनी त्याचे संचालन केले, आणि ते पाहुणे असले तरी शहर त्यांचे स्वतःचेच होते.

झुबिन मेहता यांचा जन्म मुंबईत 29 एप्रिल 1936 रोजी झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत असताना त्यांचा ओढा वैद्यकाकडे वळवण्याचा प्रयत्न झाला. तो मार्ग सोडून 1954 मध्ये ते व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्हस्की यांच्याकडे संचालन शिकले. वाद्य म्हणून त्यांनी डबल बास घेतला. मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना बाहेरच्यांना प्रवेश नसे, म्हणून ते आणि सहाध्यायी क्लाउडिओ अब्बादो गायकवृंदात दाखल झाले आणि गाता गाता निरीक्षण करू लागले. 1958 मध्ये त्यांनी लिव्हरपूलची कंडक्टरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

त्यांची कारकीर्द घडली ती मुख्यतः दुसऱ्यांच्या गैरहजेरीत. माँट्रियलमध्ये इगोर मार्केविच यांच्या जागी, लॉस एंजेलिसमध्ये आजारी फ्रिट्झ रायनर यांच्या जागी, इस्रायल फिलहार्मोनिकमध्ये युजीन ऑर्मंडी यांच्या जागी ते उभे राहिले आणि तिन्ही ठिकाणी पुढे प्रमुख झाले. लॉस एंजेलिसची निवड तर वादातून झाली. तेथे नियुक्त झालेल्या गेओर्ग सोल्टी यांना न विचारता मेहतांना सहायक नेमल्याने सोल्टी यांनी पद सोडले आणि 1962 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, मेहता तेथील संगीतप्रमुख झाले. 1978 पर्यंत ते त्या पदावर होते. नंतर 1991 पर्यंत न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, 1998 ते 2006 म्युनिकची बव्हेरियन राज्य ऑपेरा. इस्रायल फिलहार्मोनिकने 1981 मध्ये त्यांना तहहयात संगीतप्रमुख केले, तेथून ते 2019 मध्ये निवृत्त झाले. व्हिएन्ना फिलहार्मोनिकची नववर्ष मैफल त्यांनी पाच वेळा चालवली. पं. रविशंकर यांच्या दुसऱ्या सतार कॉन्चेर्टोच्या संचालनामुळे भारतीय श्रोत्यांना ते अधिक जवळचे झाले. पद्मभूषण (1966) आणि पद्मविभूषण (2001) या सन्मानांचे ते मानकरी असून भारतीय नागरिकत्व त्यांनी सोडलेले नाही.

मुंबईला ते अनेकदा आले, पण सोबत परदेशी वाद्यवृंद घेऊन: 1984 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, 1994 मध्ये इस्रायल फिलहार्मोनिक. त्यामुळे 2023 च्या भेटीचे महत्त्व कार्यक्रमातल्या रचनांपेक्षा वेगळ्या गोष्टीत आहे: त्यांच्यासमोरचा वाद्यवृंद या वेळी मुंबईचा होता.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने मस्कत, मॉस्को, स्वित्झर्लंड आणि ब्रिटन येथे दौरे केले. झाकिर हुसेन यांची तबला आणि वाद्यवृंदासाठीची ‘पेशकार’ ही रचना याच संस्थेने करवून घेतली आणि 2015 मध्ये प्रथम सादर केली; वाद्यवृंदाची स्वतःची म्हणावी अशी ही कृती. उणीव आहे ती भारतीय वादकांची. विशेषतः ओबो, बासून, हॉर्न यांसारखी वाद्ये शिकवणारे शिक्षकच देशात कमी असल्याने मोठ्या रचनांसाठी परदेशी वादक आणावे लागतात. ही उणीव भरून काढण्यासाठी एनसीपीएमध्ये मुलांसाठी संगीत अकादमी चालवली जाते.