मागेल त्याला काम, न मिळाल्यास भत्ता

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत पाककृती आणि विणकामाचे नमुने नेहमी येतात. यंदा एका कायद्याची हकीकत लिहीत आहे. शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भाषा साधीच राहील.

निजामाच्या राजवटीत आपल्याकडे वेठ होती. बोलावणे आले की कामाला जायचे, मजुरीचे नाव काढायचे नाही. १९४८ साली ती राजवट गेली. परंतु कोरडवाहू मुलखात पाऊस गेला की काम जाते, आणि काम गेले की चूल विझते, हे तसेच राहिले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आमच्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्या सांगतात, अंगावरची हळद उतरते न उतरते तोच खडी फोडायला जावे लागले. तान्ही लेकरे झाडाच्या झोळीत असत. परदेशातून आलेल्या मिलोची लाल भाकर घशाखाली उतरत नसे. सुकडी मात्र पोरे आवडीने खात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती, आणि त्यांत बायका फार. शेतात बाईला पुरुषाहून कमी मजुरी मिळे. येथे मजुरी मोजमापावर असे, आणि खोदलेली माती कोणाच्या हातची, हे टेप काही विचारत नाही!

दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती. पाऊस पडला की बंद. काम हा हक्कच असावा, हा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात त्याचा आधी प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात, १९७२ मध्ये, योजना राज्यभर जाहीर झाली. पुढे तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कोठून? १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापू लागले, आणि तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराला दिलेला हा हातभार मला फार मोलाचा वाटतो.

कायद्याने सांगितले, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या. न दिल्यास बेकारी भत्ता द्या, दिवसाला निदान एक रुपया. रुपया लहान, पण कामाविना बसलेल्याचे सरकार काही देणे लागते, हे प्रथमच लिहिले गेले.

२००५ साली केंद्राने असाच कायदा केला. २००६ मध्ये तो पहिल्या दोनशे जिल्ह्यांत आला. त्यांत आपला नांदेड होता. घरटी वर्षाला शंभर दिवस काम, आणि ते न दिल्यास भत्ता पहिले तीस दिवस मजुरीच्या चौथाई, पुढे निम्मा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला.

इतके असूनही भत्ता हाती पडलेल्या बायका शोधाव्या लागतात. माझ्या ओळखीच्या चौघींनी एकदा तोंडी काम मागितले. महिना गेला. विचारायला गेल्या तर उलट प्रश्न, "बाई, तुमचा अर्ज कोठे आहे?" अर्ज लेखी द्यावा लागतो, आणि त्याची तारीख घातलेली पावती हक्काने मागता येते. भत्त्याचे दिवस त्या तारखेवरून धरतात. पावतीच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कोठून?