पेशींतील पहारेकरी

मुखेडच्या बाजारापासून मुंबईच्या परळपर्यंत तंबाखूस चुना लावून ती तळहातावर मळणारा इसम आपणांपैकीं कोणीं पाहिला नाहीं? या क्षुल्लक वाटणाऱ्या संवयीशीं जीवशास्त्रांतील एका मोठ्या शोधाचा संबंध कसा जुळला, तें आज सांगावयाचें आहे.

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे होती. त्यांनीं, डॉ. संघवी व डॉ. राव यांच्यासह १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, तंबाखू चघळणें तोंडाच्या कर्करोगाशीं आणि धूम्रपान घशाकडील कर्करोगाशीं निगडित असल्याचें दाखविलें. कारण सांपडलें, परंतु पेशीच्या आंत नेमकें काय बिघडतें, हें कोडें उरलें.

त्याचा धागा १९७९ सालीं हातीं आला. लंडनमध्यें डेव्हिड लेन व अमेरिकेंत अर्नोल्ड लेव्हिन आदि संशोधकांस, माकडांतील एका विषाणूनें बिघडविलेल्या पेशींत एक अनोळखी प्रथिन आढळलें. वजनाच्या अंदाजावरून त्यास पी-५३ हें नांव पडलें. गुन्ह्याच्या जागीं सांपडला तोच गुन्हेगार, या न्यायानें सुमारें दहा वर्षें या प्रथिनास कर्करोगाचें कारण मानण्यांत आलें. १९८९ सालीं बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेंत आंतड्याच्या कर्करोगाच्या गांठी तपासतां निराळेंच दिसलें. त्यांत या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत नाहींशी झालेली व दुसरी बिघडलेली होती. चोर समजून धरलेला इसम वस्तुतः पहारेकरी होता! पेशीच्या जनुकद्रव्यास इजा झाली कीं तो तिचें विभाजन थोपवितो. दुरुस्ती अशक्य असल्यास तिला मरण पत्करावयास लावितो. मानवी कर्करोगांपैकीं सुमारें निम्म्यांत तो जायबंदी असतो, आणि तंबाखूमुळें होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगांतही तो वारंवार तसाच आढळतो.

त्यास पुन्हां उभें करतां येईल काय? बहुतेक औषधें चालू असलेलें घातक कार्य थांबवितात. येथें थांबलेलें कार्य सुरू करावयाचें आहे, आणि तेंच अवघड. कांहीं गांठींत पी-५३ धडधाकट असतें, पण एमडीएम-२ नांवाचें दुसरें प्रथिन त्यास जखडून नाशाकडे ढकलतें. न्यूजर्सींतील नटली या गांवच्या संशोधकांनीं २००४ सालीं ही मिठी सोडविणारे लहान रेणू जाहीर केले; गांवावरून त्यांस नटलिन म्हणतात. परंतु जेथें पी-५३ चा आकारच बिघडला, तेथें त्यांचा उपयोग नाहीं. तशा प्रथिनाचा बांक सुधारूं पाहणारा प्रिमा-१ हा रेणू स्टॉकहोमच्या संशोधकांनीं २००२ सालीं पुढें आणला. त्याच्याच वंशांतील एका औषधाची रक्तविकारावरील मोठी चाचणी २०२० सालीं आपलें उद्दिष्ट गांठूं शकली नाहीं. संशोधन मात्र थांबलेलें नाहीं.

तेव्हां या रेणूंकडे आशेनें पाहावें, पण त्यांच्या भरंवशावर चंची सोडावयाचें लांबणीवर टाकूं नये. तोंडांतील व्रण तीन आठवड्यांत भरला नाहीं, तर तो डॉक्टरांस दाखवावा. जखमी पहारेकऱ्यास उठविण्याची विद्या अद्याप अपुरी आहे; त्यास जखमी होऊं न देण्याचा मार्ग परळच्या त्या निबंधानें १९५५ सालींच दाखवून ठेविला आहे.