मोजक्या बाटल्यांची त्वचानिगा

फ्रान्समध्ये औषधाच्या दुकानावर हिरव्या क्रूसाची खूण असते. या 'फार्मासी'त औषधांच्या जोडीने त्वचेच्या निगेची साधनेही मिळतात. कोणाच्या त्वचेला काय मानवेल, याचा सल्ला तेथील प्रशिक्षित औषधतज्ज्ञ देतो. यांतील काही नाममुद्रांचे मूळ औषधी झऱ्यांत आहे. दक्षिण फ्रान्समधील आव्हेनच्या झऱ्यात एका घोड्याचा त्वचारोग बरा झाला, अशी १७३६ सालची आख्यायिका सांगितली जाते. आव्हेन व ला रोश-पोझे येथे त्वचाविकारांसाठी आजही जलोपचार केंद्रे चालतात.

मात्र त्वचेची निगा राखण्यासाठी साधनांची रास लागत नाही. सौम्य स्वच्छक, आर्द्रता राखणारे क्रीम आणि सनस्क्रीन ही तीन साधने पुरेशी होत.

रात्री : प्रथम चेहरा स्वच्छ करावा. पॅरिसच्या नळाचे पाणी चुन्याच्या अंशामुळे जड असते. तेथे 'मिसेलर वॉटर' घरोघरी पोहोचले. १९९०च्या दशकात बायोडर्मा कंपनीने ते लोकप्रिय केले. यातील सौम्य स्वच्छक द्रव्याचे कण पाण्यात सूक्ष्म पुंजके करून राहतात आणि तेलकट मळ व प्रसाधने ओढून घेतात. कापसाने ते अलगद टिपावे, घासू नये. संवेदनशील त्वचा असल्यास नंतर चेहरा पाण्याने धुणे हिताचे. त्वचा किंचित ओलसर असतानाच क्रीम लावावे.

सकाळी : कोरड्या त्वचेला साध्या पाण्याने धुणे पुरते. त्यानंतर क्रीम आणि शेवटी सनस्क्रीन. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के, तर ५० सुमारे ९८ टक्के अतिनील-ब किरणे अडवते. म्हणजे आकड्यापेक्षा लावण्याचे प्रमाण महत्त्वाचे. थर पातळ राहिला, तर छापील संरक्षण मिळत नाही. चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन घ्यावे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. युरोपीय वेष्टनावर वर्तुळात 'यूव्हीए' ही अक्षरे असल्यास अतिनील-अ किरणांपासूनचे संरक्षण एसपीएफच्या किमान एक-तृतीयांश असते.

निवड करताना : संवेदनशील त्वचेसाठी सुगंधविरहित साधन निवडावे. नवे साधन एका वेळी एकच सुरू करावे. अन्यथा पुरळ कशामुळे उठले, हे कळत नाही. आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. उघड्या डबीच्या चित्रातील '१२ एम' म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. झऱ्याच्या पाण्याचा फवारा त्वचेला गारवा देतो. परंतु तो क्रीमची जागा घेऊ शकत नाही.

ही साधने औषधाच्या दुकानात मिळत असली, तरी ती औषधे नव्हेत. न ओसरणारी लाली, सततची खाज किंवा रंग-आकार बदलणारा तीळ दिसल्यास नवी बाटली घेण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.