लॅपटॉपसाठी योग्य अडॅप्टर कसा निवडावा?

लॅपटॉपचा अडॅप्टर बिघडला की बहुतेकजण तो पिशवीत घालून दुकान गाठतात. दुकानदार पिन पाहतो, तशीच दिसणारी पिन असलेला दुसरा अडॅप्टर काढतो आणि लॅपटॉपला लावून दाखवतो. चार्जिंगचा दिवा लागतो आणि व्यवहार संपतो.

पण पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असे होत नाही. त्याच मापाची पिन मॉनिटरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरलाही असू शकते आणि लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरलाही. चुकीचा अडॅप्टर लावल्यास कधी बॅटरी नुसती सावकाश चार्ज होते, कधी मदरबोर्ड जळतो. अडॅप्टर सुमार बनावटीचा असेल तर विजेचा धक्का बसण्याचीही भीती असते. हे टाळण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण लागत नाही. अडॅप्टरवरचे लेबल वाचता आले तरी बरेचसे काम होते.

अडॅप्टर नेमके काय करतो?

आपल्या घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची एसी वीज असते. लॅपटॉपला साधारण १९ ते २० व्होल्टची डीसी वीज लागते. वायरच्या मध्ये असलेला काळा ठोकळा हे रूपांतर करतो. बॅटरीत किती वीज भरायची आणि कधी थांबायचे, हे मात्र तो ठरवत नाही. ते काम लॅपटॉपच्या आतले चार्जिंग सर्किट करते. अडॅप्टरने योग्य दाबाची वीज पुरेशा प्रमाणात द्यायची, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. म्हणूनच निवड करताना दाब आणि प्रमाण या दोन आकड्यांना सर्वांत जास्त महत्त्व आहे.

लेबल कसे वाचावे?

ठोकळ्याच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत बरेच काही छापलेले असते. त्यातल्या दोन ओळी शोधा.

इनपुट: १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. ही सॉकेटकडची बाजू. अडॅप्टर कोणत्या विजेवर चालेल ते यावरून कळते.

आउटपुट: उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट, ३.३४ ॲम्पियर. ही लॅपटॉपकडची बाजू. नवा अडॅप्टर घेताना हीच ओळ जुळवायची असते. या आकड्यांजवळ एक सरळ आडवी रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ दिसते. ती डीसी विजेची खूण आहे.

व्होल्ट आणि ॲम्पियर यांचा गुणाकार केला की वॉट मिळतात. १९.५ गुणिले ३.३४ म्हणजे सुमारे ६५ वॉट. बऱ्याच लेबलांवर वॉट वेगळे छापलेले असतात. छापलेले वॉट आणि हा गुणाकार यांत मोठी तफावत दिसली तर त्या अडॅप्टरपासून दूर राहिलेले बरे.

जुना अडॅप्टर हरवला असेल तर लॅपटॉप उलटा करून पाहा. तळाच्या लेबलवर त्याला किती व्होल्ट आणि किती ॲम्पियर लागतात हे बहुधा लिहिलेले असते. तेही पुसले गेले असेल तर लॅपटॉपचा मॉडेल किंवा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून माहिती मिळते.

व्होल्ट तेवढेच, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. टाकी जितकी उंच, तितका नळातल्या पाण्याला जोर. हा जोर म्हणजे व्होल्ट. तो ठरल्यापेक्षा जास्त झाला तर नळाचे जोड सुटतात, कमी झाला तर पाणीच येत नाही. टाकीतून येणारा पाइप किती जाड आहे, म्हणजे तो एका वेळी किती पाणी देऊ शकतो, ते ॲम्पियर. पाइप जाड असला म्हणून नळातून जबरदस्तीने जास्त पाणी येत नाही. आपण नळ जितका उघडू तितकेच येते. लॅपटॉपही गरजेपुरतेच ॲम्पियर ओढतो.

समजा, तुमच्या मूळ अडॅप्टरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ ॲम्पियर, ६५ वॉट असे लिहिले आहे. त्याच्या जागी पुढचे अडॅप्टर समोर आले तर काय करावे?

• १९.५ व्होल्ट, ४.६२ ॲम्पियर (९० वॉट): चालेल. लॅपटॉप त्यातून लागेल तेवढीच वीज घेईल.
• १९.५ व्होल्ट, २.३१ ॲम्पियर (४५ वॉट): टाळा. अडॅप्टरवर सतत ताण येऊन तो तापेल, मध्येच बंद पडेल किंवा काम सुरू असताना बॅटरी भरण्याऐवजी उतरत जाईल.
• १९ व्होल्ट, ३.४२ ॲम्पियर (६५ वॉट): अर्ध्या व्होल्टचा फरक लॅपटॉप सहसा सहन करतात. तरी मूळ व्होल्टचा अडॅप्टर मिळत असेल तर तोच घ्या.
• १२ व्होल्ट, ५ ॲम्पियर (६० वॉट): पिन बसली तरी नको. वॉट जवळपास सारखे असले, तरी दाब फार कमी आहे.
• २४ व्होल्टचा कोणताही अडॅप्टर: अजिबात नको. जास्त दाबाने आतले भाग जळू शकतात.

पिन: बाहेरचे माप, आतले माप आणि मधली सुई

गोल पिनेला दोन मापे असतात, बाहेरचा व्यास आणि आतल्या छिद्राचा व्यास. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटरच असला तरी आतले छिद्र १.७, २.१ किंवा २.५ मिलिमीटरचे असू शकते. असा थोडा फरक असलेली पिन आत जाते, पण सैल बसते. सैल जोडात ठिणग्या उडतात, जोड तापतो आणि काही महिन्यांत लॅपटॉपचे सॉकेटच खराब होते. मग अडॅप्टरच्या बचतीपेक्षा दुरुस्ती महाग पडते. त्यामुळे पिन घट्ट बसते का, हलवल्यावर चार्जिंग तुटते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

पिनेच्या कोणत्या भागात धन टोक आहे आणि कोणत्या भागात ऋण, हेही जुळायला हवे. लेबलवर मध्ये एक ठिपका, त्याभोवती वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे अशी खूण असते. लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये धन टोक जवळजवळ नेहमी आतल्या बाजूला असते. तरीही नवी खूण जुन्या खुणेशी ताडून पाहा.

डेल आणि एचपी यांच्या अनेक गोल पिनांच्या मधोमध एक बारीक सुई दिसते. लॅपटॉपला लागणारी वीज तिच्यातून जात नाही. ती ओळखपत्राचे काम करते. डेलच्या अडॅप्टरमधली छोटी चिप या सुईतून लॅपटॉपला ‘मी इतक्या वॉटचा आहे’ हे कळवते. ही ओळख पटली नाही तर लॅपटॉप सुरू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालवला जातो. अडॅप्टर जोडलेला असूनही चार्जिंग होत नसेल तर आधी ही सुई वाकली किंवा तुटली आहे का ते पाहावे. बॅटरी बदलण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.

लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांची पिन चौकोनी असते आणि त्यांना २० व्होल्ट लागतात. ॲपलने २००६ साली चुंबकाने चिकटणारी मॅगसेफ पिन आणली आणि २०१२ मध्ये तिचा आकार बदलून मॅगसेफ २ काढली. नाव सारखे असले तरी या दोन पिना एकमेकींच्या जागी बसत नाहीत. जुन्या मॅकबुकसाठी अडॅप्टर घेताना हे लक्षात ठेवावे.

यूएसबी-सी: पिन एक, पण क्षमता वेगवेगळी

नव्या लॅपटॉपमध्ये गोल पिनेची जागा यूएसबी-सी घेत आहे. युरोपीय महासंघाने तर तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून यूएसबी-सीने चार्ज होण्याची सोय बंधनकारक केली आहे.

या पद्धतीत व्होल्ट जुळवण्याची डोकेदुखी बरीच कमी होते. ‘पॉवर डिलिव्हरी’ नावाच्या मानकानुसार अडॅप्टर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी ‘बोलतात’. सुरुवात ५ व्होल्टने होते. मग लॅपटॉप ९, १५ किंवा २० व्होल्ट मागतो आणि अडॅप्टरची तयारी असेल तर तो ते देतो. २०२१ मधल्या सुधारणेनंतर हे मानक ४८ व्होल्ट आणि २४० वॉटपर्यंत गेले आहे.

तरीही चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, लॅपटॉपचे ते पोर्ट चार्जिंग घेते का? काही लॅपटॉपमध्ये यूएसबी-सी फक्त माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असते. पोर्टजवळ बॅटरीची किंवा प्लगची खूण आहे का ते पाहा, किंवा माहितीपुस्तिका उघडा.

दुसरी, अडॅप्टरच्या आउटपुटमध्ये २० व्होल्टची नोंद आहे का? फोनच्या चार्जरवर ६५ वॉट छापलेले असले तरी ते अनेकदा त्या कंपनीच्या स्वतःच्या जलद चार्जिंगसाठी, उदाहरणार्थ १० व्होल्ट आणि ६.५ ॲम्पियर असे असतात. असा चार्जर लॅपटॉपला फारच कमी वीज देतो किंवा देतच नाही.

तिसरी, केबल. साधी यूएसबी-सी केबल ३ ॲम्पियरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंत चालते. त्याहून जास्त वॉट हवे असतील तर ५ ॲम्पियरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. १०० वॉटचा अडॅप्टर घेऊन त्याला फोनची केबल लावली तर वरचे ४० वॉट वाया जातात.

चौथी, पोर्टांची संख्या. दोन-तीन पोर्टांच्या चार्जरवर लिहिलेले वॉट सहसा एकच पोर्ट वापरताना मिळतात. शेजारी फोन लावला की लॅपटॉपचा वाटा कमी होतो.

गेमिंग लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे अडॅप्टर १८०, २३० किंवा ३३० वॉटचेही असतात. अशा लॅपटॉपवर यूएसबी-सीने टंकलेखन किंवा इंटरनेटचे काम भागते, पण गेम किंवा व्हिडिओ संपादन सुरू असताना बॅटरी उतरत राहते.

नकली अडॅप्टर का नको?

अडॅप्टरच्या आत २३० व्होल्टच्या एसीची आधी डीसी होते, तेव्हा तिथला दाब ३०० व्होल्टच्या वर जातो. ही बाजू आणि तुमच्या मांडीवरच्या लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये भक्कम विद्युतरोधक अंतर ठेवावे लागते. स्वस्त नकली मालात पैसे वाचतात ते नेमके याच ठिकाणी. तिथे बिघाड झाला तर घरातली वीज थेट लॅपटॉपच्या धातूच्या भागांपर्यंत पोहोचू शकते.

भारतात अशा अडॅप्टरसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर ब्यूरोची खूण आणि इंग्रजी ‘आर’ अक्षर व त्यापुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानात उभ्या उभ्या होणारी ही तपासणी आहे. क्रमांक नसेल, तो दुसऱ्याच वस्तूचा निघाला, लेबलवर स्पेलिंगच्या चुका असतील किंवा ठोकळा हातात घेतल्यावर पोकळ वाटण्याइतका हलका असेल, तर तो परत द्यावा.

अडॅप्टर मूळ कंपनीचाच हवा असे मात्र नाही. आकडे जुळणारा, नोंदणी असलेला आणि पक्के बिल व वॉरंटी मिळणारा दुसऱ्या कंपनीचा अडॅप्टरही चांगला चालतो. लॅपटॉप अजून वॉरंटीत असेल तर तिच्या अटी आधी वाचा.

तीन पिनांची वायर आणि झिणझिण्या

धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेकजण करतात. बहुतेक वेळा कारण असते अर्थिंग न मिळणे. अडॅप्टरमधल्या काही भागांतून अगदी किंचित वीज लॅपटॉपच्या धातूपर्यंत येते. तीन पिनांच्या वायरीतून ती जमिनीत निघून जाते. वायरीला दोन पिनांचा जोड लावला किंवा घरातले अर्थिंगच खराब असले की तिला वाट मिळत नाही. काही अडॅप्टर मुळातच दोन पिनांचे असतात, त्यांच्याबाबतही हलक्या झिणझिण्या जाणवू शकतात. पण जोराचा झटका बसला तर अडॅप्टर वापरणे लगेच थांबवा.

परदेशातून आलेल्या लॅपटॉपबाबतही गोंधळ होतो. अमेरिकेत १२० व्होल्टची वीज असते. पण अडॅप्टरवर इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिले असेल तर तो इथेही जसाच्या तसा चालतो. वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फक्त प्लगचा आकार बदलतो. ठोकळ्यापासून सुटी होणारी वायर असेल तर इथल्या तीन पिनांची वायर घेऊन जोडावी. जोडावर जोड लावण्यापेक्षा ते सुरक्षित आहे.

पैसे देण्याआधी

१. अडॅप्टर खरोखर बिघडला आहे का ते पाहा. सॉकेट बदला, ठोकळ्यात जाणारी वायर नीट बसवा, जमल्यास दुसरी वायर लावा. दोष फक्त वायरीत असेल तर नवा अडॅप्टर घ्यावा लागत नाही.
२. ठोकळ्यावरचा दिवा लॅपटॉपला पिन लावताच विझत असेल तर दोष पिनेकडच्या वायरीत किंवा लॅपटॉपच्या आत असू शकतो. आधी लॅपटॉप तपासून घ्या.
३. जुन्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.
४. व्होल्ट जुळवा. मग ॲम्पियर तेवढे किंवा जास्त आहेत ना ते पाहा.
५. धन-ऋणाची खूण ताडा आणि नोंदणी क्रमांक तपासा.
६. पिन लावून पाहणे सगळ्यात शेवटी. आकडे जुळत नसतील तर ती लावूच नका.
७. पहिल्या दिवशी तासभर वापरून ठोकळ्याला हात लावून पाहा. कोमट असणे ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर त्याच दिवशी परत करा.